रजोनिवृत्तीनंतर योनीमार्गाचा कोरडेपणा : काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे

ज्यांची पाळी थांबून वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लोटला आहे आणि ज्यांना खालच्या जागी कोरडेपणा, आग, खाज, संबंधाच्या वेळी दुखणे किंवा पुन्हा पुन्हा लघवीची जळजळ यांपैकी काहीही जाणवू लागले आहे, अशा स्त्रियांसाठी हा लेख आहे. भारतात पाळी थांबण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. म्हणजे त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांचे आयुष्य पुढे असते, आणि एवढी वर्षे हा त्रास मुकाट्याने सोसत राहण्याचे काहीही कारण नाही. पाळी थांबलेल्या स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या जणींना तो कमी-अधिक प्रमाणात होतो. तरीही बहुतेकींना वाटते की तो आपल्या एकटीलाच होत आहे, कारण अंगातून वाफा येण्याबद्दल मैत्रिणीशी बोलता येते, पण याबद्दल सख्ख्या बहिणीशीही बोलले जात नाही.

आधी आत काय बदलते ते समजून घ्या

अंडाशये काम करीत असतात तोवर त्यांच्याकडून मिळणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक योनीमार्गाचे अस्तर जाड, घडीदार, लवचीक आणि ओलसर ठेवते. या अस्तराच्या पेशींमध्ये ग्लायकोजेनचा साठा असतो. त्यावर लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तेथील सामू (पीएच) साधारण ३.५ ते ४.५ एवढा आम्लधर्मी राहतो आणि बाहेरच्या जंतूंना तेथे सहजासहजी थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन घटले की ही सगळी साखळी उलट दिशेने फिरते. अस्तर पातळ होते, घड्या सपाट होतात, रक्तपुरवठा कमी होतो, ओलावा आटतो, उपकारक जिवाणू कमी होतात आणि सामू ५ च्या वर जातो. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचा तळ हे भागही इस्ट्रोजेनवरच अवलंबून असतात, म्हणून लघवीच्या तक्रारी आणि योनीमार्गाच्या तक्रारी हातात हात घालून येतात. डॉक्टरांच्या कागदावर तुम्हाला ‘जीएसएम’ (रजोनिवृत्तीमुळे योनीमार्ग आणि मूत्रमार्गात होणाऱ्या तक्रारींचा समूह) ही अक्षरे किंवा ‘अॅट्रॉफिक व्हजायनायटिस’ हे जुने नाव दिसेल. २०१४ पासून पहिले नाव रूढ होत गेले आहे आणि त्यात लघवीच्या तक्रारीही धरल्या जातात.

एक गोष्ट येथेच ठामपणे सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. अंगातून वाफा येणे, घाम फुटणे हे त्रास बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी आपोआप ओसरतात; योनीमार्गाचा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही. उपचार केले नाहीत तर तो टिकून राहतो किंवा वाढत जातो. त्यामुळे ‘थोडे दिवस कळ काढू, जाईल’ हा हिशेब येथे चुकतो.

पहिली पायरी : तक्रार ओळखा आणि लिहून ठेवा

कोरडेपणा नेहमी ‘कोरडे वाटते’ अशा शब्दांत जाणवत नाही. कोणाला बसताना किंवा चालताना कपडा घासल्यासारखे वाटते, कोणाला धुतल्यावर चुरचुरते, कोणाला संबंधाच्या वेळी सुरी फिरल्यासारखी वेदना होते आणि नंतर दोन दिवस लघवीला आग होते. कोणाला तर संबंधांचा प्रश्नच नसतो, पण घाईची लघवी लागते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. जोडीदार असो वा नसो, विवाहित असो, विधवा असो वा एकटी राहणारी, उपचाराचा हक्क सारखाच आहे.

आपल्याकडे लघवीची जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणून सब्जा, धन्या-जिऱ्याचे पाणी, बार्लीचे पाणी सुरू होते. पाणी पोटात जाणे चांगलेच आहे, त्यात वाईट काही नाही. परंतु पन्नाशीनंतर ही उन्हाळी थंडीच्या दिवसांतही लागत असेल, सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा लघवीचा संसर्ग तपासणीत सापडला असेल, तर उष्णतेला दोष देणे थांबवावे आणि अस्तर पातळ झाले आहे का, हे पाहून घ्यावे. प्रत्येक वेळी नुसती अँटिबायोटिकची पाच दिवसांची पुडी घेऊन मूळ कारण तसेच राहते.

एका वहीत दोन आठवडे नोंद ठेवा : काय होते, कधी होते, कशाने वाढते, कोणते साबण, मलमे, पॅड वापरता, कोणती औषधे चालू आहेत. सर्दी-अॅलर्जीच्या गोळ्या आणि नैराश्यावरील काही गोळ्या कोरडेपणा वाढवू शकतात. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते आवर्जून लिहा, कारण या गोळ्यांमुळे लघवीतून साखर बाहेर पडते आणि त्या जागी बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते; त्याची खाज कोरडेपणाच्या खाजेसारखीच भासते.

दुसरी पायरी : या गोष्टी असतील तर घरी काही करत बसू नका

पाळी बंद होऊन एक वर्ष झाल्यावर अंगावरून रक्त जाणे, मग तो एखादा डाग का असेना, ही तपासून घेण्याचीच बाब आहे. अनेकदा त्याचे कारण योनीमार्गाचे पातळ झालेले अस्तर हेच निघते. परंतु जगभरातील अभ्यास पाहिले तर अशा साधारण दहा स्त्रियांपैकी एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो, आणि तो लवकर सापडला तर उपचार चांगले होतात. डॉक्टर सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी पाहतात. ती ४ मिलिमीटरपर्यंत असेल तर काळजीचे कारण बरेच कमी होते, त्याहून जास्त असेल किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासणीसाठी घेतात.

बाहेरच्या त्वचेवर पांढरे, चकचकीत, पातळ चट्टे आणि रात्री असह्य खाज असेल तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्याचे उपचार वेगळे आहेत आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास योनीमुख आक्रसत जाते. न भरणारी जखम, गाठ, दुर्गंधीयुक्त किंवा रक्तमिश्रित स्राव, लघवीतून रक्त, थंडी-तापासह कमरेत वरच्या बाजूला दुखणे यांपैकी काहीही असल्यास पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे.

तिसरी पायरी : त्रास वाढवणाऱ्या गोष्टी बंद करा

या पायरीला खर्च नाही, आणि तिच्यावाचून पुढचे उपचार नीट लागू पडत नाहीत. कोरडेपणामुळे चुरचुर सुरू झाली की ‘स्वच्छता कमी पडते आहे’ असे मनात येते आणि धुणे वाढते. धुण्याने उरलासुरला ओलावा आणि उपकारक जिवाणूही निघून जातात आणि चुरचुर आणखी वाढते. योनीमार्गाच्या आत काहीही धुवायचे नसते. बाहेरचा भाग साध्या किंवा कोमट पाण्याने दिवसातून एकदा, फार तर दोनदा धुवावा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा, घासू नये. अंगाचा साबण, डेटॉलसारखी जंतुनाशके, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’, सुगंधी ओले रुमाल (वाइप्स), पावडर हे सर्व बंद करावे. तुरटीचे पाणी, कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, लिंबू, दही, लसूण यांचे प्रयोगही या नाजूक अस्तरावर करू नयेत. तुरटी तर अस्तर आणखी आकसवते आणि कोरडे करते.

लघवी थोडी गळते म्हणून अनेकजणी दिवसभर पाळीचे पॅड लावून ठेवतात. ते रक्तासाठी बनवलेले असतात, लघवीचा ओलेपणा त्वचेपासून दूर ठेवण्यासाठी नाही. लघवीसाठीचे वेगळे पॅड वापरावेत किंवा सुती घड्या वारंवार बदलाव्यात, घरी असताना काही तास काहीही लावू नये, आणि रात्री सैल सुती कपडे घालावेत. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने एसटीच्या लांबच्या प्रवासात, शेतावर किंवा बाजाराच्या दिवशी पाणीच न पिण्याची सवय आपल्या बायकांमध्ये खोल रुजलेली आहे. हा दोष त्यांचा नाही, व्यवस्थेचा आहे. तरीही निघण्यापूर्वी आणि परतल्यावर पुरेसे पाणी पिणे आणि संधी मिळेल तेथे लघवी तुंबवून न ठेवणे एवढे तरी करावे.

औषधाच्या दुकानात ‘खाजेवरचे मलम’ मागितल्यावर स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक असे तिन्ही एकत्र असलेले मलम हातात पडते. त्यातील स्टेरॉइडने दोन दिवस आराम वाटतो, पण मनाने लावत राहिल्यास आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते. लायकेन स्क्लेरोससवर डॉक्टर तीव्र स्टेरॉइड मलमच देतात हे खरे, पण ते नेमके निदान करून, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक काळासाठी. त्याचप्रमाणे बुरशीच्या योनीगोळ्या पुन्हा पुन्हा आणून ठेवणेही योग्य नाही. पाळी थांबल्यानंतर, मधुमेह नसेल आणि संप्रेरकाचा उपचार चालू नसेल तर, बुरशीचा संसर्ग तुलनेने कमी होतो. तेव्हा दोनदा गोळ्या ठेवूनही खाज गेली नसेल तर निदानच वेगळे असण्याची शक्यता धरावी.

चौथी पायरी : मॉइश्चरायझर आणि लुब्रिकंट यांतील फरक

या दोन वस्तूंची सरमिसळ होते आणि मग ‘लावून पाहिले, काही उपयोग झाला नाही’ अशी तक्रार येते. योनीमार्गाचा मॉइश्चरायझर हा नियमाने लावायचा असतो, आठवड्यातून दोन-तीनदा, झोपताना, संबंध असोत वा नसोत. भेगाळलेल्या टाचांना रोज मलम लावतो तसा. तो अस्तराला चिकटून राहतो आणि ओलावा धरून ठेवतो. हायल्युरॉनिक आम्ल असलेल्या जेल या प्रकारात मोडतात. लुब्रिकंट हे केवळ संबंधाच्या वेळी किंवा डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळी घर्षण कमी करण्यासाठी असते आणि त्याचा परिणाम तेवढ्यापुरताच टिकतो. ज्यांना रोजचा कोरडेपणा आणि संबंधाच्या वेळचे दुखणे असे दोन्ही त्रास आहेत त्यांनी दोन्ही वापरावेत.

लुब्रिकंट निवडताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. सुगंध, चव, ‘उष्णता देणारे’ किंवा ‘झिणझिण्या आणणारे’ असे काही लिहिले असेल तर ते परत ठेवावे. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे प्रमाण फार असेल तर जेल अस्तरातील पाणी ओढून घेते आणि उलट जळजळ करते; म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने लुब्रिकंटची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे अस्तरातील पाणी ओढून घेण्याची ताकद दाखवणारे माप) १२०० च्या खाली, शक्य तेथे ३८० च्या आत असावी आणि सामू योनीमार्गाच्या जवळचा, ४.५ च्या आसपास असावा अशी शिफारस केली आहे. हे आकडे प्रत्येक डबीवर छापलेले नसतात, पण ज्या उत्पादनावर छापलेले आहेत त्याला पसंती द्यायला हरकत नाही. पाण्यावर आधारित जेल लवकर सुकते, मग ती पुन्हा लावावी किंवा तिच्यावर दोन थेंब पाणी लावावे. सिलिकॉनवर आधारित जेल जास्त वेळ टिकते आणि ज्यांना फार दुखते त्यांना ती अधिक सोयीची पडते.

खोबरेल तेलाविषयी प्रत्येक वेळी विचारले जाते. बाहेरच्या त्वचेवर शुद्ध, वास न घातलेले खोबरेल तेल किंवा साधी पेट्रोलियम जेली हलक्या हाताने लावल्यास बहुतेकींना आराम मिळतो, लघवीचा ओलेपणा आणि घासणे यांपासून संरक्षणही होते. आत मात्र पेट्रोलियम जेली घालू नये, आणि निरोध वापरत असाल तर कोणतेही तेल किंवा पेट्रोलियम जेली वापरू नये, कारण तेलाने लेटेक्सचा निरोध कमजोर होऊन फाटतो. आणखी एक सावधगिरी : दुकानात नुसते ‘जेली’ मागितल्यावर कधी कधी लिग्नोकेन जेली दिली जाते. ती भूल देणारी जेली आहे, लुब्रिकंट नव्हे. तिने दुखणे झाकले जाते आणि नाजूक अस्तराला इजा झालेली कळत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती वापरू नये.

संबंधांबाबत एवढेच सांगते की दुखत असताना दात दाबून सहन करणे हा उपाय नाही. प्रत्येक वेदनेबरोबर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळले जातात आणि दुखणे दुप्पट होते. पतीला सांगावे की मन उडालेले नाही, अस्तर पातळ झाले आहे आणि त्यावर उपचार सुरू आहेत. या एका वाक्याने घरातील किती गैरसमज मिटतात! उपचार लागू पडेपर्यंत प्रवेशाचा आग्रह बाजूला ठेवून स्पर्श, जवळीक आणि भरपूर वेळ यांवर भर द्यावा. आणि लुब्रिकंट दोघांनीही, हात आखडता न घेता लावावे.

मॉइश्चरायझर नियमाने लावून आठ ते बारा आठवड्यांत पुरेसा फरक पडला नाही, किंवा त्रास पहिल्यापासूनच तीव्र आहे, किंवा लघवीचे संसर्ग पुन्हा पुन्हा होत आहेत, तर पुढच्या पायरीवर जावे. तीव्र त्रास असताना आधी तीन महिने जेलवर काढलेच पाहिजेत, असा नियम नाही.

पाचवी पायरी : डॉक्टरांकडे जाताना

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, किंवा ते जवळ नसतील तर ग्रामीण रुग्णालयात वा जिल्हा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जावे. तेथे ‘खाली त्रास होतो’ एवढेच सांगून गप्प बसू नये, कारण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात त्यावर पांढरे जाण्याच्या गोळ्या लिहून मिळण्याची शक्यता मोठी असते. वही उघडून सांगावे : ‘पाळी थांबून इतकी वर्षे झाली, कोरडेपणा आणि आग आहे, संबंधाच्या वेळी दुखते, वर्षात इतक्यांदा लघवीचा संसर्ग झाला. अस्तर पातळ झाले आहे का, हे पाहाल का?’

तपासणीत डॉक्टर बाहेरची त्वचा, योनीमुख आणि आतील अस्तर पाहतात. पातळ झालेले अस्तर फिकट, चकचकीत, घड्या गेलेले आणि स्पर्शाने सहज रक्ताळणारे दिसते. आत पाहण्याचे उपकरण लहान आकाराचे आणि जेल लावून वापरावे, असे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि दुखले तर ‘थांबा’ म्हणण्याचाही. या निदानासाठी संप्रेरकांच्या महागड्या रक्ततपासण्या सहसा लागत नाहीत. वय, लक्षणे आणि तपासणी पुरेशी असते. लघवीची तपासणी आणि रक्तातील साखर मात्र पाहून घ्यावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी राहून गेली असेल तर तीही याच भेटीत विचारावी. अस्तर फारच पातळ आणि दुखरे असेल तर डॉक्टर काही आठवडे उपचार देऊन मग ती तपासणी करतात.

सहावी पायरी : स्थानिक इस्ट्रोजेन

मूळ कमतरता इस्ट्रोजेनची आहे, तेव्हा ते थेट त्या जागी, अगदी अल्प मात्रेत पोहोचवणे हा सर्वांत परिणामकारक उपचार आहे. भारतात त्यासाठी प्रामुख्याने इस्ट्रिऑलचे क्रीम लिहून दिले जाते. त्याच्या १ ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम औषध असते आणि एका वेळी साधारण अर्धा ग्रॅम क्रीम लागते. कॉन्ज्युगेटेड इस्ट्रोजेनचे क्रीम आणि इस्ट्रॅडिऑलच्या १० मायक्रोग्रॅमच्या योनीगोळ्या हेही पर्याय आहेत. नेहमीची पद्धत अशी की पहिले दोन ते तीन आठवडे रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा. वार ठरवून घ्यावेत, उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार, म्हणजे विसर पडत नाही. मात्रा आणि वेळापत्रक डॉक्टर सांगतील तेच पाळावे. हे औषध चिठ्ठीशिवाय आणू नये.

लावण्याची रीत. हात धुऊन, झोपण्यापूर्वी, पाठीवर आडवे होऊन गुडघे वाकवावेत. क्रीमच्या नळीला अॅप्लिकेटर (क्रीम आत सोडण्याची दांड्याची नळी) फिरवून बसवावा आणि खुणेपर्यंत क्रीम भरून घ्यावे. अॅप्लिकेटर सरळ वर न ढकलता कमरेच्या मागच्या बाजूला थोडा तिरपा, जेथवर सहज जाईल तेथवरच सरकवावा आणि मग दांडा दाबावा. अॅप्लिकेटर टोचत असेल तर बोटाच्या टोकाएवढे क्रीम बोटानेच आत लावले तरी चालते, याविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. योनीमुखाशी आणि लघवीच्या जागेभोवती थोडे क्रीम बोटाने लावणे फार उपयोगी ठरते, कारण बहुतेक आग तेथेच असते. वापर झाल्यावर अॅप्लिकेटर सुटा करून कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा, उकळत्या पाण्यात टाकू नये. हे क्रीम संबंधापूर्वी लुब्रिकंट म्हणून कधीही वापरू नये.

पहिल्या काही दिवसांत अस्तर इतके पातळ असते की क्रीमनेही थोडी चुरचुर होते. येथेच अनेकजणी ‘मला हे सोसत नाही’ म्हणून उपचार सोडतात. चुरचुर सौम्य असेल तर ती अस्तर भरू लागले की सहसा कमी होते. फार आग झाली, पुरळ उठले तर क्रीममधील एखादा घटक मानवत नसेल, तेव्हा डॉक्टर गोळीचा पर्याय देऊ शकतात. फरक काही आठवड्यांत जाणवू लागतो आणि पूर्ण परिणामाला सुमारे बारा आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून बंद केल्यास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत त्रास परत येतो, कारण शरीरातील कमतरता तशीच असते. त्यामुळे हा दोन महिन्यांचा ‘कोर्स’ नाही, आठवड्यातून दोनदा दीर्घकाळ चालू ठेवायची देखभाल आहे. वारंवार होणारे लघवीचे संसर्ग कमी होतात हा या उपचाराचा फार मोठा लाभ आहे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इस्ट्रिऑल क्रीमने तो स्पष्ट दिसला होता. वृद्ध स्त्रीला वर्षातून पाच वेळा अँटिबायोटिक देण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा, असे माझे ठाम मत आहे.

आता भीतीविषयी. क्रीमच्या खोक्यातील कागद उघडला की कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या असे शब्द दिसतात आणि क्रीम कपाटात जाते. हे इशारे मुख्यतः २००२ साली जाहीर झालेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासातून आले. त्या अभ्यासात सरासरी ६३ वर्षांच्या स्त्रियांना तोंडाने घेण्याच्या संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या होत्या. तेच इशारे पुढे योनीमार्गात लावण्याच्या अल्प मात्रेच्या औषधांवरही छापले गेले. प्रत्यक्षात १० मायक्रोग्रॅमची योनीगोळी ठरल्याप्रमाणे वर्षभर वापरली तर एकूण औषध होते सुमारे १.१ मिलिग्रॅम, म्हणजे तोंडाने घेण्याच्या १ मिलिग्रॅमच्या जेमतेम एका गोळीएवढे. रक्तातील इस्ट्रोजेनची पातळी साधारणपणे रजोनिवृत्तीनंतरच्या नेहमीच्या मर्यादेतच राहते, आणि म्हणूनच गर्भाशय असलेल्या स्त्रियांनाही अल्प मात्रेच्या स्थानिक उपचाराबरोबर गर्भाशयाच्या अस्तराला जपणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या सहसा द्याव्या लागत नाहीत. त्याच अमेरिकी प्रकल्पातील योनीमार्गातून इस्ट्रोजेन वापरणाऱ्या स्त्रियांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात कर्करोग किंवा हृदयविकाराचा धोका वाढलेला आढळला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने रजोनिवृत्तीच्या संप्रेरक औषधांवरील हे ठळक इशारे काढण्याची प्रक्रिया जाहीर केली. अर्थात उपचार चालू असताना रक्त गेले, तर ते औषधामुळेच असे गृहीत न धरता तपासून घ्यावे.

स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर निर्णय वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो. तेथे आधी मॉइश्चरायझर, लुब्रिकंट आणि स्नायूंचे उपचार मनापासून करून पाहावेत. त्यांनी भागले नाही तर कर्करोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून अल्प मात्रेच्या इस्ट्रोजेनचा विचार करावा. स्तनाच्या कर्करोगावरील लेट्रोझोल, अनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन या गोळ्या चालू असताना विशेष सावधगिरी लागते, कारण या गोळ्यांचे कामच शरीरातील इस्ट्रोजेन अगदी तळाला नेणे हे आहे. याच गोळ्यांमुळे कोरडेपणाही सर्वांत तीव्र होतो. म्हणून या स्त्रियांनी ‘जीव वाचला, आता याची काय तक्रार करायची’ असे मनात आणू नये. या त्रासापायी गोळ्या मधेच सोडणे अधिक धोक्याचे आहे. तक्रार सांगावी, मार्ग काढता येतो.

एवढ्याने भागले नाही तर

अस्तर सुधारूनही प्रवेशाच्या वेळी दुखत असेल तर स्नायू आवळलेले असण्याची शक्यता असते. अशा वेळी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जावे. मोठ्या शहरांत असे तज्ज्ञ आता मिळतात. आवळलेल्या स्नायूंना आधी सैल सोडायला शिकवायचे असते, त्यामुळे कोणी सांगितले म्हणून केगेलचे आवळण्याचे व्यायाम सुरू केले तर दुखणे वाढू शकते. वाढत्या आकाराचे डायलेटर (योनीमार्ग हळूहळू सैल करणाऱ्या गुळगुळीत नळ्या) जेल लावून हळूहळू वापरण्याचाही उपयोग होतो.

योनीमार्गातून ठेवण्याचे प्रास्टेरॉन आणि तोंडाने घेण्याचे ऑस्पेमिफीन ही इस्ट्रोजेनेतर औषधेही आहेत. ती कोणाला द्यायची हे तज्ज्ञ ठरवतील. लेसरने ‘योनीचे पुनरुज्जीवन’ करून देण्याच्या जाहिरातींवर मात्र मोठी रक्कम घालवू नये. अमेरिकेच्या नियामकाने २०१८ मध्येच अशा जाहिरातींविरुद्ध इशारा दिला होता, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत कार्बन डायऑक्साइड लेसर आणि नुसता दिखाव्याचा उपचार यांत वर्षअखेर फरक आढळला नाही.

पिशवी काढलेल्या तरुण स्त्रिया

पिशवी काढली की पाळी थांबते, पण अंडाशये शाबूत असतील तर इस्ट्रोजेन मिळत राहते. अंडाशयेही काढली असतील तर ते एका दिवसात थांबते आणि वयाच्या तिशीत-पस्तिशीतच हे सर्व बदल सुरू होतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली महाराष्ट्रासमोर आला, तेव्हा पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी शस्त्रक्रियेचा कागद शोधून किंवा रुग्णालयातून मागून घेऊन अंडाशये ठेवली आहेत की काढली आहेत, हे वाचून घ्यावे. पंचेचाळिशीच्या आत अंडाशये काढली असतील तर केवळ स्थानिक क्रीम पुरेसे नसते. हाडे आणि हृदय यांच्या रक्षणासाठी संपूर्ण शरीराला संप्रेरके द्यावीत का, याचा सल्ला वेगळा घ्यावा लागतो.

घरातील वृद्ध स्त्रीसाठी

ऐंशीच्या घरातील आजी किंवा सासूबाई हा त्रास आपणहून सांगत नाहीत. त्या लघवीला जायला टाळतात, पाणी कमी पितात, रात्री अंथरुणात कण्हतात, लघवीच्या संसर्गाने अचानक बरळू लागतात, आणि घरच्यांना ते वयाचे वाटते. अंग बाहेर आल्यामुळे डॉक्टरांनी रिंग बसवली असेल तर अस्तराला जखम होऊ नये म्हणून स्थानिक इस्ट्रोजेन पुष्कळदा दिले जाते, ते चालू आहे का, हे पाहावे. ज्यांना स्वतः अॅप्लिकेटर वापरता येत नाही त्यांच्यासाठी सेवा करणाऱ्या स्त्रीने आधी विचारून, आडोसा करून, हातमोजा घालून, डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच क्रीम बोटाने योनीमुखाशी लावावे. आठवड्यातून दोन रात्री, कपडे बदलताना हे काम उरकते. कंबर किंवा गुडघे वळत नसतील तर कुशीवर वळवून मागच्या बाजूने लावता येते.